घारीचं माप

"हे कोपर बघ," म्हणत टेलरमावशीने नवऱ्याचा शर्ट खिडकीतल्या उजेडात धरला. शर्टाची उलटतपासणीच सुरू झाली म्हणायची. "काय दिसतंय?"

शेजारच्या गाळ्यातली प्रेसवाली इस्त्री उभी करून डोकावली. "कोपर दिसतंय."

"झिजलंय."

"शर्टाचं वय झालं असेल, मावशी."

"मागच्या वर्षी मीच शिवलाय, वय कसलं झालंय! आणि झिजलंय कसं ते बघ. टेबलावर टेकून झिजलं असतं तर गोल झिजलं असतं. हे लांबट आहे. कुठल्यातरी कडेवर टेकलंय, चुन्याच्या कडेवर, रोज आणि तासन् तास." मावशीने शर्ट झटकला. पांढरी भुकटी उन्हात उडाली. "हा माणूस मला सांगतो, सकाळी फिरायला जातो. फिरून काय झिजतं गं? बूट की कोपर?"

"हातांवर चालत असतील," प्रेसवाली म्हणाली आणि आपल्याच विनोदावर इतकी हसली की कुणाची तरी कॉलर करपता करपता वाचली.

मावशी हसली नाही. कपडा खोटं बोलत नाही, हे ती सत्तावीस वर्षांच्या शिवणकामात शिकली होती. माणसं सर्रास बोलतात. "वजन तेवढंच आहे हो माझं" म्हणणाऱ्या बाईची कंबर ती बोटांनीच ओळखायची. कुणाच्या पँटचे गुडघे आधी जातात, कुणाचा खिसा आतून फाटतो, कुणाच्या बाहीला नाक पुसल्याच्या खुणा असतात, सगळं तिला पाठ. नावं मात्र लक्षात राहायची नाहीत. म्हणून मापाच्या वहीत तिने गिऱ्हाइकांची स्वतःच बारशी केली होती: 'एक खांदा खाली', 'सुस्कारे', 'बटणतोडे साहेब'. आणि समोरच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरची ती, जिच्या डोळ्यांचा रंग चहात दूध थोडं कमी पडावं तसा होता, ती 'घारी'.

ही नावं गिऱ्हाइकांच्या कानावर जात नसत, एवढी एकच गोष्ट मावशीच्या पोटात राहायची. बाकी सगळं संध्याकाळच्या आत गल्लीभर. ती गप्प असायची ती फक्त ट्रायलच्या वेळी, ओठांत टाचण्या धरलेल्या असताना. "मावशीला चोवीस तास टाचण्या द्या," असं प्रेसवाली म्हणायची, आणि तीच सगळ्यात पुढे कान देऊन बसायची.

नवऱ्याचं अगदी उलट. चौतीस वर्षं त्याने लिफ्टा दुरुस्त केल्या. लिफ्टच्या त्या काळ्या उभ्या विहिरीत, ग्रीसच्या वासात, मान वर करून काम केलं. एका शब्दात भागत असेल तर तो दुसरा काढायचा नाही. मावशी आयुष्यात एकदाही लिफ्टमध्ये बसली नाही. "ज्याला रोज दुरुस्त करावं लागतं, त्यात मी जीव घालणार नाही," असं ती लग्नानंतर आठवड्याभरात म्हणाली होती, आणि तो नुसता "बरं" म्हणाला होता. निवृत्त होऊन त्याला दीड वर्ष झालं. दुकानामागच्या दोन खोल्यांत तो पाहुण्यासारखा वावरायचा.

आणि आता हा पाहुणा काहीतरी लपवत होता. कोपर ही पहिली खूण. दुसरी खूण घड्याळाची. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ दोन महिने जागेवर नव्हतं. "दुरुस्तीला दिलंय." ज्याने अख्ख्या लिफ्टा उघडून पुन्हा बसवल्या, तो घड्याळ दुरुस्तीला देतो? तिसरी खूण चिंध्यांची. मशीनखालच्या पिशवीत कोणता तुकडा कितपत आहे हे मावशीला डोळे मिटून सांगता यायचं. तिथून तुकडे जात होते. आधी एक लाल. मग पांढरे सॅटिनचे, एकामागून एक. आणि ते सॅटिन होतं घारीच्या नव्या कोटाच्या अस्तरातून उरलेलं.

त्या दिवशी दुपारी नवरा आंघोळीला गेला तसा मावशीने त्याचा हत्यारांचा डबा उघडला. पाने, पक्कड, तेलाचा डबा. खाली ग्रीसचं फडकं. फडक्याखाली तिचीच एक जुनी मापाची वही, अर्धी कोरी म्हणून तिने टाकून दिलेली. तिने पट्टीने आखलेले रकाने तसेच होते: नाव, छाती, कंबर, बाही, उंची. त्या रकान्यांवरून आडवं, नवऱ्याच्या ठोकळेबाज अक्षरात लिहिलं होतं:

*७.१०. घारीचं लक्ष माझ्याकडे गेलं. चिडली नाही. ओळख पटली असावी.*

मावशी स्टुलावर बसली. पान उलटलं.

*७.४०. तो गेला. आता दुपारपर्यंत येत नाही.*

*घारीला लाल ठेवला. शिवली नाही. पांढरा लगेच नेला. पांढरा आवडतो.*

*घारीची दोन्ही ठीक. धाकटं अशक्त.*

*आज घारीने मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं. दिवस चांगला गेला.*

नळ बंद झाला. मावशीने वही, फडकं, डबा, सगळं होतं तसं ठेवलं. कडी लावली.

दिवस चांगला गेला! तिच्याबरोबरच्या एकतीस वर्षांतल्या एका तरी दिवसाबद्दल हा माणूस असं कधी म्हणाला होता?

संध्याकाळी घारी ट्रायलला आली. नवीन नोकरी लागली होती, म्हणून कोट. मावशीने खांद्याला टाचण्या लावल्या, बाहीला लावल्या. मग उरलेल्या टाचण्या ओठांतून काढून हातात घेतल्या. हे ती कधीच करत नसे.

"मुलं कशी आहेत?"

"बरी आहेत. धाकट्याला मात्र अंगच धरत नाही हो, मावशी. काही खाल्लं तरी काडीच."

अशक्त! मावशीने अस्तर जरा जास्तच ओढलं.

"आणि मिस्टर? सकाळी लवकर जात असतील कामाला?"

"सात-चाळीसला. मिनिट इकडचं तिकडे नाही. आई गं! टोचलं, मावशी!"

"हललात तुम्ही."

"तुमचे काका दिसतात सकाळी," घारी दंड चोळत म्हणाली. "तुमच्या गच्चीत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एकदा हात केला तर मुकाट खाली बसले. फार लाजाळू आहेत, नाही?"

"फार," मावशी म्हणाली आणि टाचण्या परत ओठांत धरल्या. बोलली असती तर रडली असती.

रात्रभर गिळून ठेवलेलं तिने सकाळी सहालाच प्रेसवालीला सांगितलं. गच्चीवर तिने सोबत यायचं, साक्षीला. बघायचं, बोलायचं नाही. प्रेसवालीने गळ्याची शपथ घेतली. पण सहा ते सात हा प्रेसवालीला फार मोठा काळ होता. त्यात तिला सेक्रेटरींचे शर्ट पोचवायचे होते.

त्यामुळे सात वाजून पाच मिनिटांनी मावशी सहा जिने चढून धापा टाकत गच्चीच्या दाराशी पोचली, तेव्हा मागे प्रेसवाली होती आणि तिच्यामागे, लिफ्टने आरामात आलेले, इमारतीचे सेक्रेटरी होते. डोक्याला टोपी होती. ऊन अजून नीट आलंही नव्हतं.

"यांना कोणी बोलावलं?" मावशी कुजबुजली.

"शर्ट देताना विषय निघाला," प्रेसवाली जमिनीकडे बघत म्हणाली.

नवरा कठड्यापाशी होता. कोपरं चुन्याच्या कडेवर टेकलेली, अगदी लांबट झिजतील अशी. डोळ्यांना दुर्बीण. तर घड्याळ विकून ही आली होती! दुर्बिणीचं तोंड समोरच्या इमारतीकडे, सरळ चौथ्या मजल्याकडे. शेजारी कठड्यावर एक पांढरा सॅटिनचा तुकडा, उडू नये म्हणून वर लोखंडी नट ठेवलेला.

"वा, काका, वा!" सेक्रेटरींनी टाळी वाजवली. "निवृत्तीनंतर छंद लावून घेतलात! लोकांच्या बायकांच्या खिडक्यांत दुर्बीण लावून बघता?"

नवऱ्याने वळून पाहिलं. आधी सेक्रेटरी दिसले, मग प्रेसवाली. मग बायको दिसली, आणि तिच्यावर नजर थोडी जास्त थांबली.

"चौथा मजला ना तो?" सेक्रेटरी पुढे सरसावले. "लहान मुलांची आई आहे ती बाई. पोलिसांत दिलं तर? काय बघत होतात, सांगा की!"

नवऱ्याने तोंड उघडलं. बोलणार, असं वाटलं. मग त्याची नजर सेक्रेटरींच्या टोपीवर गेली, आणि उघडलेलं तोंड मिटलं.

"चुकलं," तो म्हणाला.

एवढंच. मावशीला वाटलं, तो नाकारेल. ओरडेल, शपथा घेईल, निदान खोटं तरी बोलेल. खोट्याला शिवण असते, ती उसवता येते. पण 'चुकलं' हा शब्द कुठून धरायचा? तिने पुढे होऊन त्याच्या हातातून दुर्बीण हिसकावली. काय एवढं बघतो ते मलाही बघू दे!

आधी नुसता हिरवा धूर. एका काचेला तडा होता. मग तिने चाक फिरवलं आणि समोरच्या आवारातल्या उंच झाडाचा शेंडा एकदम तिच्या नाकाशी येऊन उभा राहिला. खिडकी मागे कुठेतरी पुसट होती. शेंड्याच्या बेचक्यात काटक्यांचा, तारांचा एक भारा होता, खालून बघणाऱ्याला अडकलेला कचरा वाटेल असा. त्या भाऱ्याच्या काठाला पांढरं सॅटिन खोचलेलं. कडेला तिच्या नागमोडी कात्रीचे दात स्पष्ट दिसत होते. त्यावर दोन केसाळ, मळकट, विस्कटलेली पोरं. एक मोठं. एक काडीच. आणि शेजारी एक घार, तपकिरी, ताठ. तिने मान तिरकी केली आणि दुर्बिणीतून सरळ मावशीकडे पाहिलं.

मावशीच्या डोक्यात वहीतली अक्षरं एकेक करून उठली आणि दुसऱ्याच जागी जाऊन बसली. घार वेगळी, घारी वेगळी. पण 'ने' लागला, 'ला' लागला, 'ची' लागली की दोघी घारीने, घारीला, घारीची. दोघींना एकच माप. आणि नवऱ्याच्या त्या काटकसरी वाक्यांत दुसरी खूण कुठे सापडणार!

मग तिला टोपी आठवली.

मागच्या वर्षी याच गच्चीवर, टाकीच्या मागे. जेवताना नवरा आपणहून बोलला होता, चक्क सलग तीन वाक्यं: वर एका घारीने घरटं केलंय. अंडी आहेत. सेक्रेटरी टाकी बघायला गेले तर तिने झडप घालून त्यांची टोपी उडवली. मावशी इतकी हसली होती! दुसऱ्या दिवशी तिने प्रेसवालीला ते नक्कल करून दाखवलं, "मोठं पाखरू, अन् हे एवढं टक्कल!" प्रेसवालीने पुढे दाखवलं. संध्याकाळी सेक्रेटरींनी बांबू मागवून घरटं पाडलं. नवरा खाली आला तेव्हा त्याची मूठ मिटलेली होती. "काय झालं?" "काही नाही." त्याने मूठ केराच्या डब्यावर उघडली होती आणि तिने शिवणावरून मानही नीट वर केली नव्हती. मग तो बरेच दिवस बोलला नव्हता. पण तो तसाही कधी बोलायचा?

"काय, मावशी?" सेक्रेटरी मागून म्हणाले. "दिसतंय ना? बाईच आहे ना?"

नवरा मावशीकडे बघत होता. तिच्या डोळ्यांकडे नाही, तिच्या ओठांकडे. चौतीस वर्षं त्याने लोखंडी दोरांकडे असंच पाहिलं असणार: धरेल की तुटेल?

मावशीने दुर्बीण खाली घेतली. कठड्यावरचा सॅटिनचा तुकडा सहज उचलून मुठीत चुरगाळला.

"हो," ती म्हणाली. "बाईच आहे."

"ऐकलंत? खुद्द बायको सांगतेय!"

"माझा नवरा आहे, मी बघून घेईन," मावशी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "तुम्ही खाली चला. तमाशा पुरे झाला."

त्याच दिवशी गच्चीला कुलूप लागलं. नोटीस फळ्यावर झळकली. नाव नव्हतं तिच्यात, पण गरजही नव्हती. गच्ची फक्त कपडे वाळत घालायला मिळेल, फक्त बायकांना, किल्ली सेक्रेटरींकडे.

घरात नवरा पाण्याचा ग्लास घेऊन बसला होता. मावशीने मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"मला सांगायचं नाही होय?"

"मागच्या वर्षी सांगितलं होतं," तो म्हणाला.

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

घारीने कोट न्यायला स्वतः पाऊल टाकलं नाही. प्रेसवालीला पाठवलं. एक बाही कच्चीच होती. "तशीच दे म्हणाली," प्रेसवाली म्हणाली. आणखी चार-पाच जणींनी कपडे परत नेले. काका रस्त्याने चालले की खिडक्या लागायच्या. त्याने रस्ता बदलला नाही. फक्त मान खाली घालायला शिकला. आयुष्यभर मान वर करून काम केलेल्या माणसाला ते जड गेलं असणार.

आणि मावशीला कपडे धुण्याचं वेडच लागलं. धुतलेल्या चादरी ती पुन्हा धुवायची. रोज सातला बादली घेऊन किल्ली मागायची, सहा जिने चढायची. बादलीत पिळे, पिळ्यांच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत दुर्बीण आणि मापाची वही. दोन चादरी दोरीवर घातल्या की त्यांच्या आड एक खोली तयार व्हायची. त्या खोलीत ती कठड्यावर कोपरं टेकून उभी राहायची. पहिल्या दिवशी तिला काही लिहिता येईना. मग तिने आपल्याला येत होतं तसंच लिहिलं, आखलेल्या रकान्यांत. नाव: थोरलं. बाही: दोन्ही सारख्या. नाव: धाकटं. बाही: डावी जरा खाली. छाती: भरते आहे.

खाली आली की वही नवऱ्यापुढे ठेवायची. तो वाचायचा. एके दिवशी म्हणाला, "शेपटी?"

"शेपटीला रकाना नाही," मावशी म्हणाली.

त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला.

घारीच्या खिडकीला आता जाड पडदा होता. त्याची दुमड वाकडी शिवली होती, दुसऱ्या कुणी. रोज दुर्बिणीच्या वाटेत ती वाकडी दुमड यायची आणि मावशीच्या बोटांना कंड सुटायची. पडदा कधी हलला नाही.

अकराव्या दिवशी थोरलं उडालं, धडपडत, पण उडालं. धाकटं बसून राहिलं. बाराव्या, पंधराव्या, अठराव्या दिवशीही. घार झाडाच्या फांदीवर उंदीर घेऊन बसायची आणि त्याला बोलवायची, ते काठावर येऊन परत आत. मावशी घाईने सातऐवजी साडेसहाला किल्ली मागायला लागली. "एवढ्या चादरी कुठून येतात हो तुमच्याकडे?" सेक्रेटरींनी विचारलं. "शिवते मी," मावशी म्हणाली.

बाविसाव्या दिवशी वारा होता. चादरी फुगून तिच्या पाठीवर आपटत होत्या. धाकटं काठावर आलं, पांढऱ्या सॅटिनवर पाय रोवून, आणि कुणी ढकलल्यासारखं खाली पडलं. मावशीच्या तोंडून आवाज निघाला. झाडाच्या पोटात ते दिसेनासं झालं. मग पलीकडून, डावी बाही जरा खाली, वर आलं. छपरांच्या वर. तारांच्या वर. चाक फिरवून फिरवून दुर्बीण संपली, तरी ते वर जातच होतं.

तिने वही उघडली. नाव: धाकटं. छाती, कंबर, बाही, सगळं भरलं. 'उंची'च्या रकान्यापाशी पेन थांबलं. सत्तावीस वर्षांत तिने एकही रकाना कोरा सोडला नव्हता. तो तिने कोरा सोडला.

नवऱ्याने वही वाचली. कोऱ्या चौकोनावर त्याचं बोट बराच वेळ होतं.

"गेली दोन्ही," मावशी म्हणाली. "आता सांगू सगळ्यांना? खरं काय होतं ते? फळ्यावर लिहिते, हवं तर. त्या चौथ्या मजल्यावरच्या बाईच्या तर मी पाया पडते आधी."

त्याने वही मिटली.

"पुढच्या वर्षी ती परत येते," तो म्हणाला. "त्याच झाडावर. तेच घरटं डागडुजी करून." मग नेहमीपेक्षा जास्त शब्द लागणार होते, म्हणून थोडं थांबला. "कळलं, तर बांबू तिथवरही पोचेल. तुला निभत असेल, तर राहू दे."

मावशीने त्याच्या शर्टाकडे पाहिलं. कोपरांवर आता चुना नव्हता. तिच्या कोपरांवर होता.

ती दुकानात आली. मशीनवर कापड नव्हतं. आजकाल बऱ्याचदा नसायचं. प्रेसवालीने इस्त्री उभी केली आणि खिडकीतून मान आत घातली.

"मावशी, एक विचारू? काका सुधारले का गं? की अजून..."

मावशीने टाचण्यांच्या गादीतून चार टाचण्या काढल्या आणि एकेक करून ओठांत धरल्या.